गोंगाटातील संकेत : अमेरिकन फुटबॉलमधील पुढच्या फळीचा स्नॅपपूर्व व्यवहार

माणसामाणसांतील बोलण्याची दोन कार्ये सामान्यतः एकमेकांत मिसळलेली असतात. पहिले कार्य अर्थ पोचविण्याचे. दुसरे, अनेकांची हालचाल एका क्षणी घडवून आणण्याचे. जड तुळई उचलणारे मजूर एका सुरात हाक देतात, तेव्हा त्या हाकेस कोशातील अर्थ जवळजवळ नसतो. सर्वांचे बळ एकाच वेळी लागावे, एवढेच तिचे प्रयोजन असते. दैनंदिन संभाषणात ही दोन कार्ये वेगळी काढून तपासणे कठीण जाते. ती वेगळी पडलेली पाहावयाची असतील, तर संभाषण जेथे अतिशय अडचणीत सापडते आणि तरीही टाळता येत नाही, अशी परिस्थिती शोधावी लागते.

अमेरिकन फुटबॉलचा सामना ही अशा परिस्थितींपैकी एक होय. साठ-सत्तर हजार प्रेक्षक हेतुपुरस्सर आरडाओरडा करीत असतात, आणि त्यांचा उद्देश मैदानावरील पाहुण्या संघास एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ नये हाच असतो. या गोंगाटात चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीतील पाच जणांनी काही सेकंदांत आपसांत कामाची वाटणी करावयाची असते व एकाच क्षणी हालचाल सुरू करावयाची असते. गोंगाटामुळे या फळीच्या व्यवहारातून नेमके काय नाहीसे होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. सर्वसाधारण समजूत अशी की, खेळाडूंस एकमेकांचे शब्द कळेनासे होतात. आमचे प्रतिपादन थोडे निराळे आहे. शब्दांचा अर्थ अन्य मार्गांनी बहुतांशी वाचविता येतो. जे पूर्णपणे भरून काढता येत नाही, ते आरंभक्षणाचे खाजगी ज्ञान होय.

१. खेळाचे स्वरूप

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की, पायाने चेंडू मारण्याचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत त्या नावाने ओळखला जाणारा खेळ रग्बीच्या कुळातील आहे. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. चढाईच्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावयाचे असते, व प्रत्येक प्रयत्न स्थिर अवस्थेतून सुरू होतो. चेंडू जेथे ठेवला असेल, तेथून मैदानाच्या रुंदीस समांतर अशी एक काल्पनिक रेषा मानतात. या रेषेवर चढाईच्या संघाचे किमान सात खेळाडू उभे राहिले पाहिजेत. त्यांपैकी मधले पाच जण म्हणजे पुढची फळी. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस एक-एक गार्ड आणि त्यांच्या पलीकडे एक-एक टॅकल, अशी त्यांची रचना असते. सेंटर चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो, त्या क्रियेस स्नॅप म्हणतात. चेंडू घेणारा क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार असतो. तो कधी सेंटरच्या अगदी पाठीशी, तर कधी सुमारे पाच यार्ड मागे उभा राहतो. फळीचे काम चेंडू खेळण्याचे नव्हे. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांस थोपविणे, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यास वाट करून देणे, हे तिचे काम असते.

या विवेचनाच्या दृष्टीने दोन नियम महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, जागा घेतल्यानंतर चढाईच्या संघाने स्नॅपपूर्वी किमान एक सेकंद निश्चल राहिले पाहिजे. मागील एका खेळाडूस यात सवलत असते, फळीतील कोणासही नसते. फळीतील एखादा खेळाडू स्नॅपपूर्वी दचकून जरी हलला, तरी तो ‘फॉल्स स्टार्ट’ ठरतो व संघास पाच यार्ड मागे जावे लागते. दुसरा नियम असा की, बचाव पक्ष आपल्या बाजूस हवा तसा हलू शकतो; मात्र स्नॅपपूर्वी त्यास रेषा ओलांडता येत नाही.

या दोन नियमांनी एक सूक्ष्म तोल साधला आहे. चढाईचा पक्ष निश्चलतेने बांधलेला, परंतु आरंभाचा क्षण त्यास अगोदर ठाऊक असतो. बचाव पक्ष मोकळा, परंतु तो क्षण त्यास चेंडू हलल्यावरच कळतो. एका पक्षास हालचालीचे स्वातंत्र्य, तर दुसऱ्यास काळाचे ज्ञान, अशी ही विभागणी आहे. ती कशावर अवलंबून असते? मुख्यतः क्वार्टरबॅकच्या आवाजावर. गोंगाट जो आघात करतो तो याच ठिकाणी.

२. सांगावयाचे काय असते?

दोन प्रयत्नांच्या दरम्यान व्यावसायिक खेळात साधारणतः ४० सेकंद मिळतात. प्रारंभी प्रशिक्षक बिनतारी यंत्राद्वारे क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात डावाचे नाव सांगतो. या साधनाचा पहिला प्रयोग १९५६ साली क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी केला आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली. नॅशनल फुटबॉल लीगने त्यास अधिकृत मान्यता दिली ती १९९४ साली. घड्याळात १५ सेकंद उरले की, हा संपर्क आपोआप तुटतो. येथे ध्यानात ठेवावयाचे ते असे की, हा आवाज फळीतील पाच जणांपैकी कोणासही ऐकू येत नाही. क्वार्टरबॅक सहकाऱ्यांचे कडे जमवून, ज्यास हडल म्हणतात, त्यांस डाव सांगतो. नंतर सर्वजण रेषेवर जातात, आणि बचाव पक्षाची प्रत्यक्ष मांडणी पाहून ठरलेल्या डावात फेरबदल करावा लागतो.

या शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत फळीत फिरणारे संदेश तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार ‘कोणास’ या प्रश्नाचा. सेंटर किंवा क्वार्टरबॅक समोरच्या लाइनबॅकरांपैकी एकाकडे बोट दाखवून त्याच्या पोशाखावरील क्रमांक पुकारतो व त्यास ‘माइक’ ठरवितो. तो खेळाडू बचावाचा प्रत्यक्ष मधला लाइनबॅकर असेलच असे नाही. तो केवळ मोजणीचा आरंभबिंदू असतो. त्याच्यापासून डावीउजवीकडे मोजून प्रत्येक जण आपला प्रतिस्पर्धी निश्चित करतो. पाचांपैकी एकाने जरी निराळ्या खेळाडूपासून मोजणी केली, तरी एका प्रतिस्पर्ध्यास दोघे अडवितात आणि दुसरा मोकळा सुटून क्वार्टरबॅकवर येतो.

दुसरा प्रकार ‘कोणाबरोबर’ या प्रश्नाचा. दोन शेजाऱ्यांनी मिळून एकास रेटावे आणि मग त्यांतील एकाने सुटून पुढील प्रतिस्पर्ध्याकडे जावे, अशा जोडकामांस संक्षिप्त नावे असतात. सेंटर व गार्ड यांच्या जोडकामास अनेक संघ ‘एस’ म्हणतात, गार्ड व टॅकल यांच्या जोडकामास ‘ड्यूस’. सर्व फळीने एका दिशेस सरकावयाचे असेल, तर ‘रिप’ व ‘लिझ’ किंवा ‘रॉजर’ व ‘लुई’ अशा जोड्या वापरतात. त्यांतील पहिल्या शब्दाचे आद्याक्षर इंग्रजीतील ‘उजवा’ या अर्थाच्या शब्दाचे, आणि दुसऱ्याचे ‘डावा’ या अर्थाच्या शब्दाचे असते.

तिसरा प्रकार ‘केव्हा’ या प्रश्नाचा. क्वार्टरबॅक ठराविक शब्द ठराविक लयीत उच्चारतो, आणि कितव्या उच्चारास चेंडू सुटेल हे हडलमध्येच ठरलेले असते. यास स्नॅपची मोजणी म्हणतात. पहिल्या दोन प्रकारांत अर्थ पोचवावयाचा असतो. तिसऱ्या प्रकारात अर्थ आधीच पोचलेला असतो, आता फक्त क्षण पोचवावयाचा असतो. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे.

३. गोंगाटाचे मान

डेसिबल हे मान लघुगणकी आहे; १० डेसिबलांची वाढ म्हणजे ध्वनिशक्तीची दसपट. कॅन्सस सिटी येथील ॲरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ रोजी १४२.२ डेसिबल इतकी नोंद झाली व ती गिनेस विक्रमांत समाविष्ट करण्यात आली. त्यापूर्वी २०१३ च्या डिसेंबरात सिॲटल येथे १३७.६ डेसिबलांची नोंद झाली होती. हे आकडे विक्रमासाठी मुद्दाम केलेल्या गर्जनेचे क्षणिक उच्चांक आहेत, हे विसरता कामा नये. खेळ चालू असता मैदानाच्या मध्यावरील पातळी त्याहून बरीच कमी असते. तथापि निर्णायक प्रसंगी ती १०० डेसिबलांच्या पुढे जाते. सिॲटलच्या स्टेडियमची बहुसंख्य आसने छपराखाली येतात, आणि हे छप्पर प्रेक्षकांचा आवाज पुन्हा मैदानाकडे परतविते. हा गोंगाट एकपक्षी असतो, हेही महत्त्वाचे. यजमान संघ चढाई करीत असता तेच प्रेक्षक शांत बसतात.

आता एक ढोबळ हिशेब मांडू. जोराने ओरडणाऱ्या माणसाच्या आवाजाची पातळी एक मीटर अंतरावर सुमारे ९० डेसिबल धरावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की, ध्वनिपातळी ६ डेसिबलांनी उतरते. क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असेल, तर टॅकलपर्यंतचे अंतर सुमारे पाच मीटर होते व तेथे आवाज ७६ डेसिबल उरतो. आसमंतातील गोंगाट १०० डेसिबल असेल, तर संकेत गोंगाटापेक्षा २४ डेसिबलांनी खाली जातो. शिरस्त्राणामुळे कान झाकले जातात, परंतु त्यामुळे संकेत व गोंगाट जवळजवळ सारखेच मंदावतात, म्हणून दोहोंमधील अंतर तेवढेच राहते असे मानण्यास हरकत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, हे एत्येन लोंबार यांनी १९११ साली दाखविले. परंतु हा चढाव गोंगाटाच्या वाढीच्या प्रमाणात नसतो, आणि कंठाची मर्यादा लवकरच गाठली जाते.

उणे २४ डेसिबल या आकड्याचा अर्थ काय? जॉर्ज मिलर, हाइस व लिक्टन यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा येथे उपयोग होतो. अर्थहीन अक्षरे ऐकवली असता त्यांपैकी निम्मी ओळखता येण्यासाठी संकेत गोंगाटापेक्षा सुमारे ३ डेसिबल वर असावा लागला. परंतु केवळ अंक ऐकवले असता संकेत सुमारे १४ डेसिबल खाली असूनही निम्मे अंक ओळखता आले. ध्वनी तेच, कानही तेच; फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्यास शक्य उत्तरांची यादी ठाऊक होती व ती लहान होती. म्हणजे शब्द कळणे ही केवळ कानाची बाब नसून, कोणत्या पर्यायांतून निवड करावयाची यावरही ती अवलंबून असते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या माहिती-उपपत्तीशी हा निष्कर्ष जुळणारा आहे.

४. अर्थ कसा वाचवितात?

उपरोक्त हिशेबावरून दोन गोष्टी लक्षात येतात. क्वार्टरबॅकचा आवाज टॅकलपर्यंत पोचविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. अंक देखील त्या पातळीवर ऐकू येणार नाहीत. परंतु शेजाऱ्याचे तसे नाही. सेंटर व गार्ड यांच्यातील अंतर जेमतेम एक मीटर असते. तेथे संकेत गोंगाटापेक्षा केवळ १० डेसिबल खाली राहतो, आणि डोके जवळ नेऊन अंतर निम्मे केले, तर ४ डेसिबल. या पातळीवर लहान शब्दसंग्रह चांगल्या प्रकारे समजू शकतो.

फळीतील व्यवहार नेमका याच तत्त्वावर उभा आहे. संदेश दुरून एकदम न पाठविता हातोहात पुढे नेतात : सेंटर गार्डास सांगतो, गार्ड टॅकलास. पुष्कळदा ऐकणारा तोच शब्द परत उच्चारतो, जेणेकरून सांगणाऱ्यास खात्री पटावी. शब्द थोडे असतात आणि एकमेकांहून ध्वनीने भिन्न असतात. ‘उजवीकडे’ व ‘डावीकडे’ एवढीच निवड असेल, तर पूर्ण शब्द ऐकू येण्याची गरज नसते. त्यातील एखादा स्वर ओळखता आला तरी पुरते. ज्यास आपण सांकेतिक बोली म्हणतो, ती येथे गुप्ततेसाठी जितकी, तितकीच ऐकू येण्यासाठी घडलेली आहे.

गोंगाट आणखी वाढला की, कानाचा मार्ग सोडून डोळा व स्पर्श यांचा आश्रय घेतात. माइककडे बोट दाखविणे, मूठ वळणे वा पंजा उघडणे, शेजाऱ्याच्या मांडीस किंवा कुशीस हात लावणे, या खुणांना ठरलेले अर्थ असतात. डब्ल्यू. एच. संबी व अर्विन पोलॅक यांनी १९५४ साली दाखविले की, गोंगाट जितका अधिक, तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा लाभ अधिक. परंतु या फळीस तो लाभ मिळत नाही. क्वार्टरबॅक तिच्या पाठीशी असतो, आणि सर्वांच्या तोंडांपुढे शिरस्त्राणाची जाळी असते. म्हणून ओठांच्या वाचनाऐवजी हातांच्या मोठ्या, ठसठशीत खुणा वापराव्या लागतात.

याखेरीज एक उपाय मैदानावर दिसतच नाही. तो म्हणजे पूर्वतयारी. बचावाने अमुक मांडणी केली की अमुक वाटणी, हे आठवडाभराच्या सरावात इतके घोटून घेतात की, बहुतेक प्रसंगी संदेशाची गरजच उरत नाही. अपवाद तेवढा सांगावा लागतो. सरावाच्या मैदानावर मोठे ध्वनिवर्धक ठेवून त्यांवर गोंगाट वाजविण्याची प्रथा याच हेतूने पडली आहे. एकंदरीत, अर्थाचा व्यवहार गोंगाटात मंदावतो, चुकांचे प्रमाणही थोडे वाढते. परंतु तो बंद पडत नाही.

५. मुकी मोजणी

‘केव्हा’ या तिसऱ्या प्रकाराची गोष्ट वेगळी आहे. हा संदेश हातोहात पुढे नेता येत नाही, कारण नेण्यात जो वेळ जातो, तोच त्याचा घात करतो. तो पाचही जणांस एकाच क्षणी मिळाला पाहिजे. आवाजाचा मार्ग बंद झाला असता यासाठी जी पद्धती वापरतात, तिला मुकी मोजणी म्हणता येईल.

तिचा सर्वपरिचित प्रकार असा. एक गार्ड मान मागे वळवून क्वार्टरबॅककडे पाहत राहतो. तयारी झाली की, क्वार्टरबॅक पाय उचलून किंवा हाताने खूण करतो. गार्ड पुढे वळून सेंटरास थाप देतो. सेंटर मान वर करतो, मनात ठरलेली मोजणी करतो व चेंडू सोडतो. इतर चौघे सेंटरची मान किंवा चेंडू डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत असतात आणि तीच मोजणी मनात करतात. दुसऱ्या प्रकारात सेंटर स्वतःच पायांमधून मागे पाहून खूण घेतो. क्वार्टरबॅक अगदी पाठीशी असेल, तर हाताच्या दाबानेही काम भागते. खो-खोमध्ये पाठीवरील थाप व तोंडचा ‘खो’ एकाच वेळी द्यावे लागतात. येथे तोंडचा शब्द निरुपयोगी झाल्याने केवळ थाप उरली आहे, असे म्हणता येईल.

या पद्धतीत सेंटरचे फारसे बिघडत नाही. आरंभाचा क्षण तोच निर्माण करतो, त्यामुळे तो त्यास अचूक ठाऊक असतो. गार्डही सेंटरच्या लगत असतात. खरी अडचण टॅकलची होते. त्याचा प्रतिस्पर्धी बाहेरच्या बाजूस उभा असतो, चेंडू आतल्या बाजूस असतो, आणि डोळे दोन्हीकडे लावता येत नाहीत. बचाव पक्षातील अतिशय वेगवान धावणारे बहुधा याच कडेवर उभे केलेले असतात.

६. हरवते ते काय?

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस प्रतिक्रियाकालाचे आकडे परिचित आहेत. साध्या प्रयोगात ध्वनीस प्रतिसाद देण्यास सुमारे १४० ते १६० मिलिसेकंद लागतात. दृश्य उद्दीपकास १८० ते २०० मिलिसेकंद. परंतु उद्दीपक नियमित लयीत येत असेल, तर माणूस प्रतिक्रिया देत नाही, तो पूर्वानुमान करतो. लयीबरोबर बोटाने ताल धरावयास सांगितले असता बोट बहुधा ठोक्याच्या किंचित आधीच पडते, हे जुने व पुनःपुन्हा सिद्ध झालेले निरीक्षण आहे.

हे आकडे मैदानावर लागू करू. शांत वातावरणात मोजणी ऐकू येत असता पुढची फळी पूर्वानुमानाने चालते; तिची हालचाल चेंडूबरोबरच सुरू होते. बचाव पक्ष चेंडू हललेला पाहून प्रतिक्रिया देतो, म्हणजे सुमारे एकपंचमांश सेकंद मागे राहतो. चेंडू हातात आल्यापासून फेकेपर्यंत क्वार्टरबॅकला सामान्यतः अडीच ते तीन सेकंद मिळतात. एकपंचमांश सेकंद ही त्यातील क्षुल्लक बाब वाटेल. परंतु दर सेकंदास पाच मीटर वेगाने धावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो एक मीटरचा फरक आहे. थोपविणाऱ्याचा हात छातीवर पडावा की खांद्यावरून निसटावा, हे एवढ्याच अंतरावर ठरते.

आता मोजणी ऐकू येत नाही असे समजा. टॅकल चेंडू पाहून हलला, तर तो आणि त्याचा प्रतिस्पर्धी एकाच उद्दीपकास एकाच इंद्रियाने प्रतिसाद देतात. अधिक लाभ कोणासच नाही. किंबहुना प्रतिस्पर्ध्याचीच बाजू थोडी वरचढ होते, कारण त्याची दृष्टी विभागलेली नसते, आणि चुकून एक पाऊल मागेपुढे पडले तरी त्यास दंड नसतो. उलट, टॅकलने अंदाजाने लवकर हलण्याचा धोका पत्करला, तर फॉल्स स्टार्ट ठरतो. २७ नोव्हेंबर २००५ रोजी सिॲटल येथे न्यूयॉर्क जायंट्स संघावर एकाच सामन्यात ११ फॉल्स स्टार्ट नोंदले गेले. जादा वेळेत गेलेला तो सामना त्यांनी २१ विरुद्ध २४ गुणांनी गमावला. ते खेळाडू काय करावयाचे हे विसरले नव्हते. कोणत्या क्षणी करावयाचे, हे त्यांस निश्चित ठाऊक नव्हते.

मान वर करण्याच्या खुणेने पूर्वानुमान परत मिळविता येते, हे खरे. परंतु येथे दोन अडथळे उभे राहतात. पहिला अडथळा कालमापनाचा. मनातल्या मनात मोजलेल्या कालखंडातील चूक त्या खंडाच्या लांबीबरोबर वाढते. म्हणून पाच जणांची मोजणी जुळावयाची, तर खूण व स्नॅप यांमधील अंतर लहान असावे लागते. दुसरा अडथळा गुप्ततेचा. क्वार्टरबॅकचे शब्द बचाव पक्षासही ऐकू येतात, परंतु कितवा शब्द खरा, हे त्यास ठाऊक नसते. मानेची खूणही अशीच उघड असते. अंतर लहान व नेहमी तेच असेल, तर बचावातील चाणाक्ष खेळाडू चार-सहा प्रयत्नांतच ते शिकतो, आणि चेंडूऐवजी मानेवर नजर ठेवून धावतो. आउग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली गुप्तलेखनाविषयी एक तत्त्व मांडले होते : पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, किल्ली मात्र त्याच्या हाती पडू नये. मुक्या मोजणीत पद्धती जगजाहीर असते. म्हणून किल्ली, म्हणजे खुणेनंतरची मोजणी, पुनःपुन्हा बदलावी लागते. ती बदलली की, आपल्याच सहकाऱ्याची चूक होण्याचा संभव वाढतो. स्वकीयांस निश्चित व परकीयांस अनिश्चित, असा संकेत आवाजाने सहज साधतो. मुक्या खुणेने तो साधावयाचा तर प्रत्येक वेळी थोडी किंमत मोजावी लागते.

आणखी एक हत्यार हातचे जाते. शांत मैदानावर क्वार्टरबॅक आवाजाचा चढउतार करून बचाव पक्षास फसवू शकतो; तो अकाली रेषा ओलांडतो व पाच यार्डांचा दंड भरतो. मानेच्या हालचालीने अशी हुलकावणी देण्यास नियमांचा अडसर असतो, कारण सेंटरची झटक्याची हालचाल स्वतःच फॉल्स स्टार्ट ठरू शकते.

बचाव पक्षासही गोंगाटाचा त्रास होत नाही का, असा आक्षेप कोणी घेईल. होतो; त्यांचेही निरोप ऐकू येत नाहीत व त्यांसही हातांच्या खुणा कराव्या लागतात. परंतु त्यांच्या आरंभाचा संकेत म्हणजे चेंडू, व तो डोळ्यांस दिसतोच. म्हणजे गोंगाटाने दोन्ही पक्षांच्या अर्थव्यवहारास बाधा येते, परंतु क्षणज्ञानाची हानी एकाच पक्षाची होते. आमच्या प्रतिपादनाचा हाच गाभा आहे.

२०२० सालच्या महासाथीत बहुतेक सामने रिकाम्या किंवा अंशतः भरलेल्या स्टेडियममध्ये झाले. त्या हंगामातील साखळी सामन्यांत यजमान संघांनी १२७ सामने जिंकले, १२८ गमावले व एक बरोबरीत सुटला. यजमानत्वाचा नेहमीचा लाभ नाहीसा झाला. यावरून केवळ गोंगाटच त्या लाभाचे कारण होता, असे म्हणणे घाईचे होईल. त्या वर्षी प्रवास, सराव व पंचांवरील दडपण या सर्वच गोष्टी बदलल्या होत्या. तथापि हा आकडा आमच्या विवेचनाशी विसंगत नाही. नियमांनी गोंगाट आवरण्याचा प्रयत्नही होऊन गेला आहे : १९८९ साली लीगने अतिगोंगाटाबद्दल यजमान संघास दंड करण्याची तरतूद केली, परंतु प्रेक्षकांच्या अपराधासाठी खेळाडूंस शिक्षा करणे व्यवहारात रुचले नाही.

७. बधिर खेळाडूंचा दाखला

आवाजाविना हा खेळ कसा खेळावा, याचा विचार गोंगाटी स्टेडियम बांधली जाण्यापूर्वीच झाला होता. वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट ही बधिर विद्यार्थ्यांची संस्था. तेथील क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याने १८९० नंतरच्या दशकात, आपल्या हस्तसंकेतांवर प्रतिपक्षाची नजर पडू नये म्हणून, खेळाडूंचे कडे करण्यास आरंभ केला, आणि हडलची प्रथा तेथून पसरली, असे सामान्यतः मानले जाते. त्याच संस्थेच्या संघाने पुढे मैदानाबाहेर मोठा ढोल ठेवून, त्याच्या ठोक्यांची कंपने अंगास जाणवतील अशी स्नॅपची मोजणीही वापरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच संघाने एका सामन्यापुरती परवानगी घेऊन क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात डावाचे नाव दाखविणारा लहान दृश्यपट बसविला.

या तीन उपायांची आपल्या वर्गीकरणाशी तुलना केली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. हडल व दृश्यपट यांनी अर्थाचा प्रश्न सोडविला. ढोलाने क्षणाचा. ढोलाचे ठोके प्रतिपक्षासही कळत असत. परंतु कितव्या ठोक्यास चेंडू सुटेल, हे कड्यात ठरलेले असे. लय सर्वांस उघड, संख्या मात्र गुप्त. म्हणजे आवाजाच्या मोजणीचे सर्व गुण त्यात होते. ऐकू न येणाऱ्यांनी जो उपाय योजला, तो मानेच्या खुणेपेक्षा तत्त्वतः सरस ठरतो, कारण तो लय देतो, केवळ इशारा देत नाही. इशाऱ्यास प्रतिक्रिया द्यावी लागते. लयीबरोबर चालता येते.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार असे. गोंगाटात समूहाचा व्यवहार बिघडतो तेव्हा दोन निरनिराळ्या हानी संभवतात. अर्थाची हानी शब्दसंग्रह आटोपशीर करून, अंतर कमी करून, मार्ग बदलून व पूर्वतयारी वाढवून बरीचशी भरून निघते. समकालिकतेची हानी अशी भरून निघत नाही, कारण तिच्यासाठी सर्वांस एकाच वेळी पोचणारी लय लागते, आणि स्पर्धेत ती लय प्रतिपक्षास निरुपयोगीही असावी लागते. कारखाने, बंदरे, अग्निशमन यांसारख्या ठिकाणी गोंगाटाचा परिणाम तपासताना शब्द कळले की नाहीत, एवढेच विचारून थांबणे अपुरे आहे. कळलेल्या शब्दांनुसार माणसे एकाच क्षणी हलली की नाहीत, हेही मोजले पाहिजे.

हे मोजमाप अशक्यप्राय नाही. सामन्यांच्या चित्रफिती आता सर्वत्र उपलब्ध आहेत. चेंडू प्रथम हलला ती चौकट व प्रत्येक टॅकल प्रथम हलला ती चौकट यांमधील अंतर मोजून, एकाच संघाच्या स्वतःच्या मैदानावरील व परक्या मैदानावरील सामन्यांची तुलना करता येईल. आमचे प्रतिपादन खरे असेल, तर परक्या मैदानावर हे अंतर सेंटरलगतच्या गार्डांपेक्षा कडेच्या टॅकलांच्या बाबतीत अधिक वाढलेले दिसावे. तसे न दिसल्यास प्रस्तुत मीमांसेचा फेरविचार करावा लागेल. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय प्रबंधिकेसाठी घेतला, तर त्यास लागणारी साधने विभागाच्या प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरची नाहीत.